लोकतकच्या पाण्याची किल्ली कोणाच्या हातीं?

मणिपुर प्रांताचें नांव अलीकडे आमच्या वाचकांच्या कानीं पडतें तें बहुतकरून दंगे, जाळपोळ आणि संचारबंदी यांच्या संगतीनेंच पडतें. २०२३ सालच्या मे महिन्यापासून त्या प्रांतावर यादवीचें जें संकट कोसळलें, त्याच्या बातम्यांच्या गदारोळांत तेथील एका तळ्याचें दुखणें कोण विचारणार? तथापि आज आम्ही मुद्दाम त्या तळ्याविषयींच चार शब्द लिहिणार आहों. ‘मणिपुर कोठें आणि आपण कोठें’ असें म्हणून कोणी हा मजकूर बाजूस सारूं लागेल, तर त्यास आमची इतकीच विनंति आहे कीं, त्यानें तो शेवटपर्यंत वाचावा, आणि मग हा प्रश्न परक्याच्या घरचा आहे कीं आपल्या घरचा, याचा निर्णय स्वतःच करावा. अडविलेल्या पाण्याची पातळी किती असावी, ती केव्हां चढावी व केव्हां उतरावी, आणि हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

इंफाळ शहराच्या दक्षिणेस, विष्णुपुर जिल्ह्यांत, लोकतक नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. ईशान्य भारतांतील गोड्या पाण्याच्या सरोवरांत तें सर्वांत मोठें. मैतेई भाषेंत ‘लोक’ म्हणजे ओढा व ‘तक’ म्हणजे शेवट. सभोंवारच्या डोंगरांतून उतरणारे ओढे जेथें येऊन विसावतात, तें लोकतक. मासळी, शिंगाडे, पाण्यांतल्या भाज्या, जनावरांचा चारा, छपराचें गवत, असें सर्व कांहीं काठच्या लोकांस हें सरोवर पिढ्यान् पिढ्या देत आलें आहे. परंतु त्याची खरी नवलाई निराळीच आहे. त्याच्या पाण्यावर जमीन तरंगते!

ही अतिशयोक्ति नव्हे. गवत, वेल, मुळें, कुजलेला पाला आणि माती यांचे थर एकमेकांत गुंतून त्यांची जाड वाकळ तयार होते व ती पाण्यावर तरंगत राहते. तिला तेथील लोक ‘फुमदी’ म्हणतात. तिचा सुमारें एक पंचमांश भाग पाण्यावर व चार पंचमांश पाण्याखालीं असतो. फुमदी जाड असली म्हणजे तिच्यावर गवत माजतें, माणूस चालूं शकतो, मासेमार झोंपडी बांधून राहतो. सरोवराच्या आग्नेय बाजूस अशा फुमदीचा मोठा पट्टा असून तेंच सुमारें ४० चौरस किलोमीटरांचें केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान होय. पाण्यावर तरंगणारें राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची ख्याति जगभर आहे.

आतां ही फुमदी जगते कशी, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे, कारण पुढील सर्व वादाचें मूळ येथेंच आहे. पावसाळ्यांत सरोवराचें पाणी चढतें व फुमदी त्याबरोबर वर उचलली जाते. हिंवाळा संपून उन्हाळा लागला म्हणजे पाणी ओसरतें व फुमदी हळूहळू खालीं बसत बसत सरोवराच्या तळास टेंकते. तेथें तिचीं मुळें चिखलांत शिरतात, वर्षभराचें पोषण घेतात, आणि पाऊस आला म्हणजे ती पुष्ट होऊन पुन्हां वर येते. सासुरवाशीण वर्षाकांठीं एकदां माहेरीं यावी आणि भरल्या ओटीनें परत जावी, त्यांतलाच हा प्रकार आहे. पाण्याची ही चढउतार म्हणजे सरोवराच्या अंगचा दोष नव्हे. तोच त्याचा श्वास आहे.

ह्याच फुमदीवर सांगाई नांवाचें हरिण राहतें. जगाच्या पाठीवर मोकळ्या रानांत हा प्राणी लोकतकवांचून अन्यत्र कोठेंही नाहीं. १९५१ सालीं तो नामशेष झाला असें समजलें गेलें होतें. परंतु १९५३ सालीं ई. पी. जी या निसर्गाभ्यासकानें त्यास केइबुल लामजाओ येथें पुन्हां शोधून काढलें. १९७५ सालच्या गणतींत अवघे १४ सांगाई आढळले. १९७७ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें, शिकारीस आळा बसला, आणि २०१६ सालच्या गणतींत हा आंकडा २६० वर गेला. मणिपुरी लोक त्यास आपल्या प्रांताचें भूषण मानतात, आणि तें योग्यच आहे.

अशा ह्या सरोवराच्या तोंडाशीं १९८३ सालीं कुलूप बसलें. सरोवराचें जादा पाणी ज्या मणिपुर नदीवाटे दक्षिणेस वाहून जातें व पुढें चिंदविन नदीस मिळून इरावतींत पोंचतें, त्या नदीवर इथाई येथें दरवाजांचें धरण बांधण्यांत आलें. उद्देश असा कीं, लोकतकांत बारमहा भरपूर पाणी सांठून राहावें, तें बोगद्यांतून पश्चिमेकडील लेइमाताक नदीच्या खोऱ्यांत सोडावें, आणि त्या उतारावर वीज काढावी. त्या वीजगृहांत ३५ मेगावॅटांचे तीन संच, म्हणजे एकंदर १०५ मेगावॅटांची शक्ति आहे. अंधारांत चांचपडणाऱ्या डोंगरी मुलुखास वीज मिळाली, ही कांहीं वाईट गोष्ट नव्हे. आणि जे कोणी त्या वेळीं ही योजना घेऊन पुढें आले, त्यांच्या हेतूविषयीं आम्ही संशय घेत नाहीं.

परंतु हेतु चांगला असला म्हणजे हिशेब बरोबर असतोच असें नाहीं. वीजगृहास पाणी हवें तें वर्षभर. म्हणून सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें ७६८.५ मीटरांच्या खालीं उतरूं नये, अशी व्यवस्था ठेवण्यांत आली. कागदावर पाहिलें तर ही व्यवस्था किती सुटसुटीत! पाणी कमी नाहीं, तुटवडा नाहीं, सरोवर सदासर्वकाळ भरलेलें. पाहणाऱ्याच्या डोळ्यांस तर भरलेलें तळें हेंच सुखी तळें वाटतें. आमच्या मतें साऱ्या अनर्थाचें बीज ह्याच समजुतींत आहे. उन्हाळ्यांत पाणी उतरेनासें झालें, तेव्हां फुमदी तळास टेंकेनाशी झाली. माहेरचा दरवाजा बंद झाला. मुळांस चिखल मिळेना, पोषण मिळेना. उद्यानांतील वाकळ वर्षानुवर्षें विरत चालली. पातळ फुमदीवर हरिणाचा पाय ठरत नाहीं. ज्या जमिनीवर सांगाई उभा आहे, ती त्याच्या पायांखालूनच झिजते आहे.

हानि एवढ्यावर थांबली नाहीं. पाणी ओसरल्यावर काठच्या ज्या सखल जमिनींत शेतकरी पीक काढीत व गुरें चारीत, त्या हजारों एकर जमिनी कायमच्या पाण्याखालीं गेल्या. चिंदविनच्या खोऱ्यांतून पाण्याच्या ओघाविरुद्ध पोहत येऊन लोकतकांत अंडीं घालणारे मासे इथाईच्या दरवाजांपाशीं अडले. ज्या पेंग्बा माशास मणिपुरानें आपला प्रांतिक मासा म्हणून मान दिला, तो आतां तेथील मोकळ्या पाण्यांतून नाहींसा झाला असून लोकांच्या ताटांत येतो तो मत्स्यशेतीच्या तलावांतला. इकडे सरोवराच्या मध्यभागीं मात्र उलट प्रकार झाला. पाण्याबरोबर वाहून जाणारी सुटी फुमदी दरवाजांमुळें आंतच कोंडली गेली व सगळीकडे माजली. म्हणजे जेथें ती जाड हवी तेथें पातळ, आणि जेथें मोकळें पाणी हवें तेथें तिचें रान!

ज्यांचीं शेतें बुडालीं त्यांनीं काय करावें? त्यांतील कित्येकांनीं पाण्यांतच संसार थाटला. फुमदीवर झोंपड्या बांधल्या, तिचीं गोल कडीं करून त्यांत मासे पाळूं लागले. पुढें २००६ सालीं लोकतकच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि १५ नोव्हेंबर २०११ च्या सुमारास त्याच कायद्याच्या आधारानें अशा शेंकडों झोंपड्या मोडून जाळण्यांत आल्या. सरोवर घाण होतें तें मासेमारांमुळें, असें कारण देण्यांत आलें. आम्हांस विचारावेंसें वाटतें कीं, ज्यानें पाणी चढवून गरिबाची जमीन बुडविली त्याच्याकडे बोट नाहीं, आणि त्या पाण्यावर कसाबसा तरंगणारा गरीब मात्र गुन्हेगार, हा कोठला न्याय? सरोवराचें रक्षण झालेंच पाहिजे. पण रक्षणाचा पहिला वार दुबळ्यावर पडणार असेल, तर त्या रक्षणास लोकांचा आशीर्वाद मिळणें कठीण.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा आतां विचार करूं. पहिला आक्षेप विजेचा. ‘तुम्हांस हरणें आणि गवत प्रिय, पण मणिपुरच्या दुकानांत दिवा आणि गिरणींत पट्टा कशावर चालणार?’ हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आमचे वाचक व्यापारी आहेत. विजेवांचून धंदा होत नाहीं हें ते आमच्याहून अधिक जाणतात. परंतु व्यापाऱ्यासच आम्ही एक गोष्ट विचारतों. ज्या पेढीचा मुनीम दरसाल नफा दाखवितो, पण तो नफा मुद्दलांतून काढून दाखवितो, त्या मुनिमास तुम्ही किती दिवस ठेवाल? लोकतकची मासळी, फुमदी, काठची शेती व नवें जीवन देणारी पाण्याची चढउतार हें मुद्दल होय. वीज हें त्यावरील व्याज असावें. मुद्दल खाऊन काढलेली वीज ही मिळकत नव्हे, ती उधळपट्टी आहे. शिवाय धरण पाडा असें आम्ही म्हणत नाहीं. उन्हाळ्याचे कांहीं आठवडे पातळी उतरूं द्यावी, एवढीच मागणी आहे. तितक्या मुदतींत वीज कमी निघेल, हें खरें. पण विजेची तूट दुसऱ्या ठिकाणाहून तारेनें आणून भरतां येते. फुमदी तारेनें आणतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, सांगाई तर १४ वरून २६० झाले. मग बिघडलें कोठें? ज्यांनीं शिकार बंद करून हा प्राणी जगविला त्या वनरक्षकांस व गांवकऱ्यांस त्याचें सर्व श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु घरांत माणसें वाढलीं म्हणून घराचा पाया खचत नाहीं असें कोणी म्हणेल काय? उलट माणसें वाढलीं म्हणजे पाया अधिक भक्कम हवा. राखण करून वाढविलेला कळप विरत्या फुमदीवर किती दिवस उभा राहील, हाच तर खरा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप असा कीं, दोष एकट्या इथाईचा नाहीं. हें मात्र आम्ही मोकळेपणानें मान्य करितों. इंफाळ शहरांतील सांडपाणी व केरकचरा नंबुल नदीवाटे लोकतकांत येतो. डोंगरांवरील जंगल तुटल्यानें पावसाबरोबर गाळ उतरतो. यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. तसेंच माजलेली फुमदी यंत्रांनीं कापून बाहेर काढण्यावर आजवर मोठा खर्च झाला आहे. पण ज्या रोग्याचें नाक दाबून धरलें आहे, त्यास औषधांचे काढे कितीही पाजले तरी नाकावरचा हात काढीपर्यंत गुण येणार कसा? पातळीचा प्रश्न तसाच ठेवून केलेला इतर सर्व खर्च हा पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यासारखा आहे.

असले प्रश्न सोडवितां येतात याचे दाखले जगांत आहेत. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत मोनो नांवाचें खारें सरोवर आहे. १९४१ सालापासून त्यास मिळणाऱ्या ओढ्यांचें पाणी लॉस एंजेलिस शहराकडे वळविण्यांत आलें, आणि सुमारें चाळीस वर्षांत सरोवराची पातळी ४५ फूट खालीं गेली. तेथें पाणी उतरल्यानें घात झाला, येथें न उतरल्यानें होत आहे. पण तत्त्व एकच. पक्षी व सरोवर यांचा कैवार घेणारे नागरिक न्यायालयांत गेले, आणि १९८३ सालीं, म्हणजे इथाईचे दरवाजे लागले त्याच सालीं, त्या प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, असें जल ही लोकांची ठेव आहे. सरकार तिचें मालक नव्हे, विश्वस्त आहे. म्हणून पाण्याचे जुने परवाने सुद्धां पुन्हां तपासतां येतात. १९९४ सालीं सरोवराची पातळी ६३९१ फुटांपर्यंत चढवावी असा हुकूम झाला. तीस वर्षें उलटूनही ती पातळी गांठलेली नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. तथापि सरोवराचा ऱ्हास थांबला व पाणी पुन्हां चढूं लागलें, हें कांहीं थोडें नव्हे.

हें विलायती तत्त्व आमच्या देशास लागू नाहीं असेंही कोणास म्हणतां यावयाचें नाहीं. १९९६ सालीं एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ ह्या खटल्यांत आमच्या सर्वोच्च न्यायालयानें मोनो सरोवराच्या निकालाचा आधार घेऊन हेंच विश्वस्ततेचें तत्त्व भारताच्या कायद्याचा भाग असल्याचें सांगितलें. मग इथाईच्या दरवाजांची किल्ली ज्यांच्या हातीं आहे, ते मालक म्हणून ती फिरवितात कीं विश्वस्त म्हणून, एवढें विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे.

दुसरा दाखला घरचाच, ओरिसांतील चिलका सरोवराचा. गाळानें समुद्राशीं असलेली वाट बुजत गेली, खारें पाणी आंत येईनासें झालें, मासळी घटली, पाणवनस्पति माजल्या. रामसर करारान्वयें धोक्यांत असलेल्या पाणथळ जागांची जी यादी ठेवण्यांत येते, तींत १९९३ सालीं चिलका व लोकतक हीं दोन्ही सरोवरें घातलीं गेलीं. पुढें चिलकाच्या व्यवस्थापकांनीं पाण्याची चाल अभ्यासून सप्टेंबर २००० मध्यें समुद्राकडे नवें मुख उघडलें. खाऱ्यागोड्याचा मेळ पुन्हां बसला, मासळी कित्येक पटींनीं वाढली, आणि २००२ सालीं चिलकाचें नांव त्या यादींतून निघालें. लोकतकचें नांव अद्याप तींत आहे. एकाच वर्गांत बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकीं एक उत्तीर्ण होऊन गेला व दुसरा तीस वर्षें त्याच बाकावर आहे. पहिल्याच्या बाबतींत पाण्याच्या वाटेसच हात घालण्याचें धैर्य दाखविलें गेलें, दुसऱ्याच्या बाबतींत तें दाखविलें गेलें नाहीं, हें या फरकाचें मुख्य कारण आहे असें आमचें मत आहे.

तेव्हां आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. पहिली, इथाईचे दरवाजे एकाच पातळीच्या हट्टानें न चालवितां ऋतुमानाप्रमाणें चालवावेत; उन्हाळ्यांत उद्यानांतील फुमदी तळास टेंकेल इतकें पाणी उतरूं द्यावें, आणि पावसाळ्याच्या तोंडीं तें बेतानें चढवावें. दुसरी, हा नियम लेखी असावा, आणि रोजची पातळी व दरवाजांची हालचाल लोकांस वाचतां येईल अशा रीतीनें जाहीर व्हावी. वह्या झांकून ठेवणाऱ्या विश्वस्तावर कोणीही विश्वास ठेवीत नाहीं. तिसरी, नियम ठरविणाऱ्या मंडळांत वीजखात्याच्या माणसांबरोबर मासेमार, शेतकरी व सरोवराचे अभ्यासक यांस केवळ शोभेची नव्हे तर मताची जागा असावी. चौथी, पातळी उतरविल्यानें विजेची किती तूट येते व न उतरविल्यानें मासळी, शेती आणि फुमदी यांची किती हानि होते, ह्या दोन्ही रकमा एकाच पानावर समोरासमोर मांडाव्यात. आजवर पहिलीच रक्कम लिहिली जाते. दुसरीचा रकाना कोराच राहतो.

आतां आमच्या आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. हें सर्व महाराष्ट्रानें कां वाचावें? एक कारण असें कीं, धरणाच्या विजेपायीं बुडणाऱ्याचें दुःख काय असतें, हें महाराष्ट्रास कोणी शिकविण्याची गरज नाहीं. १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं मुळशीचे मावळे जमिनीसाठीं सत्याग्रहास उभे राहिले, तेव्हांही ‘मुंबईस वीज नको काय?’ हाच सवाल त्यांच्या तोंडावर फेंकला गेला होता. दुसरें कारण असें कीं, गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हें स्थळ २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ ठरलें. आणि तेथील सारें पक्षिवैभव कालव्यासाठीं घातलेल्या बंधाऱ्याच्या पाण्यावर अवलंबून आहे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्षी उतरतात तेही पाणी ओसरून उथळ दलदल उघडी पडते तेव्हांच. म्हणजे आमच्याकडेही कोणीतरी दरवाजाची कळ फिरवितो आणि त्या फिरण्यावर हजारों जीवांचें अन्न ठरतें. त्या कळीचा नियम कोणता, आणि त्यांत शेतकऱ्याच्या पाळीबरोबर सरोवराच्याही पाळीची नोंद आहे काय, हें आपल्यापैकीं किती जणांनीं आजवर विचारलें?

भरलेलें तळें पाहून समाधान मानण्याची संवय आपण सोडली पाहिजे. पाण्यास चढूं देणें हें जसें राखणाराचें काम, तसेंच त्यास वेळेवर उतरूं देणें हेंही त्याचेंच काम आहे. लोकतकचा दरवाजा वर्षांतून कांहीं आठवडे उघडला, तर तेथील फुमदी पुन्हां माहेर पाहील, सांगाईच्या पायांखालीं जमीन राहील, आणि काठच्या शेतकऱ्यास कदाचित् आपल्या बांधाची खूण पुन्हां दिसेल. न उघडला, तर एक दिवस वीजगृह चालू असेल, सरोवर कांठोकांठ भरलेलें असेल, आणि त्यांत जतन करण्यासारखें कांहीं उरलेलें नसेल. किल्ली ज्यांच्या हातीं आहे त्यांनीं ह्यांतून कोणता दिवस आपल्या नांवावर लिहून घ्यावयाचा, तें वेळीच ठरवावें.